ॲझिथ्रोमायसिन: तीन गोळ्यांचा लांबलेला मुक्काम

ॲझिथ्रोमायसिन हे मॅक्रोलाइड गटातले प्रतिजैविक आहे. घसा, कान, सायनस, फुप्फुसे आणि त्वचा यांच्या जिवाणूजन्य संसर्गांपासून टायफॉइड, डांग्या खोकला, स्क्रब टायफस आणि डोळ्यांच्या खुपऱ्यांपर्यंत अनेक आजारांत ते दिले जाते. भारतातील खासगी औषधबाजारात २०१९ साली खपलेल्या प्रतिजैविकांचा एक अभ्यास पुढे प्रसिद्ध झाला. त्यात सर्वाधिक खपाचे औषध ठरली ती ॲझिथ्रोमायसिनची ५०० मिलिग्रॅमची गोळी. एकूण खपात तिचा वाटा ७.६ टक्के होता. महाराष्ट्रातल्या कोणत्याही गावातल्या ‘मेडिकल’मध्ये तीन किंवा पाच गोळ्यांची ही छोटी पट्टी मिळते. सर्दी-खोकल्यावर ती मागून नेणारे गिऱ्हाईकही तिथे नेहमीचेच. इतके ओळखीचे झालेले हे औषध शरीरात वागते मात्र इतर प्रतिजैविकांपेक्षा बरेच वेगळे. त्याचे फायदे, धोके आणि त्याच्या अतिवापराचे परिणाम या वेगळ्या वागण्याशी जोडलेले आहेत.

या गटाचा उगम मातीत आहे. फिलिपिन्समधील डॉक्टर अबेलार्दो अगिलार यांनी १९४९ मध्ये इलोइलो प्रांतातल्या मातीचा नमुना एली लिली या अमेरिकी कंपनीकडे पाठवला. त्या मातीतल्या एका जिवाणूपासून मॅकग्वायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एरिथ्रोमायसिन वेगळे काढले आणि १९५२ मध्ये ते वापरात आले. अणूंचे एक मोठे वलय आणि त्याला जोडलेल्या एक-दोन शर्करा, अशी मॅक्रोलाइड रेणूंची ढोबळ रचना असते. एरिथ्रोमायसिनचे वलय चौदा अणूंचे आहे. ज्यांना पेनिसिलिन सोसत नाही, त्यांच्यासाठी डॉक्टरांच्या हाती त्यामुळे एक चांगला पर्याय आला.

पण एरिथ्रोमायसिन घेणे रुग्णांना नकोसे व्हायचे. जठरातल्या आम्लात ते टिकत नाही, दिवसातून चार-चार वेळा घ्यावे लागते आणि पोटात मुरडा आणते. आतड्यांच्या हालचाली चाळवणारे मोटिलिन नावाचे एक संप्रेरक शरीरात असते. एरिथ्रोमायसिन त्याच संप्रेरकाची नक्कल करते, म्हणून पोटात कळा येतात. डॉक्टरांनी पुढे या खोडीचाही उपयोग करून घेतला. मधुमेहामुळे जठर मंदावलेल्या रुग्णांना, किंवा जठरातून रक्तस्राव होत असताना दुर्बिणीने तपासणी करण्याआधी जठर रिकामे व्हावे म्हणून एरिथ्रोमायसिन दिले जाते. तिथे त्याच्या जिवाणूविरोधी गुणाशी काही देणेघेणे नसते.

आम्लात टिकणारे औषध मिळाले ते तेव्हाच्या युगोस्लाव्हियात. क्रोएशियाची राजधानी झाग्रेब येथील प्लिवा या कंपनीत स्लोबोदान जोकिच यांच्या नेतृत्वाखाली गॅब्रिएला कोब्रेहेल, गोर्याना राडोबोल्या-लाझारेव्स्की आणि झ्रिंका तांबुराशेव हे संशोधक एरिथ्रोमायसिनच्या रेणूत फेरफार करत होते. १९८० मध्ये त्यांनी वलयात नायट्रोजनचा एक अणू बसवला आणि चौदाचे वलय पंधराचे झाले. एवढ्या बदलाने रेणू आम्लात टिकू लागला आणि पेशींमध्ये शिरून तिथे रेंगाळू लागला. १९८६ मध्ये प्लिवाने फायझरशी करार केला. युगोस्लाव्हियात १९८८ मध्ये ‘सुमामेड’ आणि अमेरिकेत १९९१ मध्ये ‘झिथ्रोमॅक्स’ या नावाने औषध बाजारात आले. त्याच सुमारास जपानच्या ताइशो कंपनीने वेगळ्या वाटेने जाऊन, वलय चौदाचेच ठेवून क्लॅरिथ्रोमायसिन बनवले. पोटातील हेलिकोबॅक्टरवरच्या उपचारात ते अजूनही महत्त्वाचे मानले जाते.

सगळी मॅक्रोलाइड औषधे जिवाणूच्या प्रथिने बनवण्याच्या यंत्रणेवर घाला घालतात. जिवाणूच्या पेशीत रायबोसोम नावाचे सूक्ष्म कारखाने असतात. अमिनो आम्लांची साखळी तिथे जोडली जाते आणि जोडता जोडताच एका अरुंद बोगद्यातून बाहेर सरकते. मॅक्रोलाइडचा रेणू या बोगद्याच्या तोंडापाशी जाऊन बसतो. चकलीच्या सोऱ्याचे भोक अर्धवट बुजले की पीठ आतच अडते, तशी प्रथिनाची साखळी तिथे अडते आणि जिवाणूची वाढ थांबते. रायबोसोमची रचना अणूच्या पातळीवर उलगडल्याबद्दल व्यंकटरामन रामकृष्णन, थॉमस स्टाइट्झ आणि ॲडा योनाथ यांना २००९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. मॅक्रोलाइड नेमके कुठे बसते, याचे स्पष्ट चित्र याच प्रकारच्या संशोधनातून हाती आले. माणसाच्या पेशींतले रायबोसोम वेगळ्या घडणीचे असल्याने या औषधापासून त्यांना फारसा उपद्रव होत नाही. ॲझिथ्रोमायसिन बहुतेक जिवाणूंना ठार करत नाही, त्यांची वाढ रोखते. उरलेले काम रुग्णाची स्वतःची प्रतिकारशक्ती करते. विषाणूंकडे स्वतःचे रायबोसोमच नसतात, त्यामुळे साध्या सर्दीवर किंवा फ्लूवर या गोळीचा परिणाम होण्याचे काही कारण नाही.

आता त्याच्या वेगळ्या वागण्याकडे. तोंडाने घेतलेल्या ॲझिथ्रोमायसिनपैकी सुमारे ३७ टक्केच रक्तात पोहोचते आणि तेही तिथे फार वेळ थांबत नाही. ते ऊतींमध्ये शिरते. फुप्फुसे, टॉन्सिल, सायनस अशा जागी त्याचे प्रमाण रक्तातल्यापेक्षा दहापट, काही ठिकाणी त्याहून कितीतरी जास्त आढळते. पांढऱ्या पेशी ते आपल्या पोटात साठवतात आणि संसर्ग जिथे असेल तिकडे धावतात, त्यामुळे औषध नेमके हवे तिथे पोहोचते. शरीरातले त्याचे प्रमाण निम्म्यावर यायला जवळजवळ ६८ तास लागतात. ॲमॉक्सिसिलिनच्या बाबतीत हा काळ एक तासाच्या आसपास असतो. म्हणूनच ॲमॉक्सिसिलिन दिवसातून दोन-तीन वेळा आठवडाभर घ्यावे लागते, आणि ॲझिथ्रोमायसिन दिवसातून एकदा, तीनच दिवस पुरते. गोळ्या तीन दिवसांत संपल्या तरी ऊतींमधले औषध त्यानंतरही अनेक दिवस काम करत राहते. ‘तीन दिवसांत कोर्स कसा पुरा होईल?’ ही रुग्णांची नेहमीची शंका; तिचे उत्तर या आकड्यांत आहे. दुसरी बाजू अशी की रक्तातले प्रमाण कमी राहत असल्याने, जिवाणू थेट रक्तात पसरलेले असतील अशा गंभीर आजारात एकट्या ॲझिथ्रोमायसिनवर विसंबता येत नाही.

मोठ्यांसाठी नेहमीचा डोस ५०० मिलिग्रॅम रोज एकदा, तीन दिवस असा असतो; किंवा पहिल्या दिवशी ५०० आणि पुढचे चार दिवस २५०. दोन्हींची बेरीज दीड ग्रॅमच होते. मुलांना वजनाप्रमाणे, साधारण किलोमागे १० मिलिग्रॅम. आजारानुसार हे प्रमाण आणि दिवस दोन्ही बदलतात, त्यामुळे एका आजाराचा डोस दुसऱ्याला लावता येत नाही.

श्वसनमार्गाच्या संसर्गांत ॲझिथ्रोमायसिनचे खरे बळ आहे ते ‘अटिपिकल’ म्हटल्या जाणाऱ्या जिवाणूंवर. मायकोप्लाझ्मा, क्लॅमिडोफिला आणि लिजिओनेला यांच्यामुळे होणारा न्यूमोनिया पेनिसिलिनला दाद देत नाही. मायकोप्लाझ्माला तर पेशीभिंतच नसते, आणि पेनिसिलिन वार करते ते पेशीभिंतीवर. न्यूमोनियाचा रुग्ण इस्पितळात दाखल झाला की सेफ्ट्रियाक्सोनसारख्या औषधाच्या जोडीला अनेकदा ॲझिथ्रोमायसिन लावतात ते यामुळेच. डांग्या खोकल्यात ते पहिल्या पसंतीचे औषध आहे. तिथे ते लवकर दिले तरच खोकल्याची तीव्रता कमी होते. उशिरा दिल्यास खोकला आपल्या गतीनेच जातो, पण घरातल्या इतरांना, विशेषतः तान्ह्या बाळांना, लागण होण्याचा धोका टळतो. स्ट्रेप्टोकॉकसमुळे घसा दुखत असेल तर पहिला मान आजही पेनिसिलिन किंवा ॲमॉक्सिसिलिनचा. ॲझिथ्रोमायसिन तिथे पेनिसिलिनची ॲलर्जी असणाऱ्यांसाठी राखून ठेवायचे औषध आहे. प्रत्यक्षात उलटेच घडते. घसा खवखवला की हीच पट्टी येते, आणि बहुतेक घशांमागे जिवाणू नसून विषाणू असतो.

भारतीय उपखंडात या औषधाला सर्वाधिक महत्त्व आले ते टायफॉइडमुळे. क्लोरॅम्फेनिकॉल, ॲम्पिसिलिन, को-ट्रायमोक्साझोल ही जुनी औषधे टायफॉइडच्या जिवाणूने एकामागून एक निष्प्रभ केली. मग सिप्रोफ्लॉक्सॅसिनची पाळी आली. उरली ती सेफ्ट्रियाक्सोन, सेफिक्झिम आणि ॲझिथ्रोमायसिन. टायफॉइडचा जिवाणू माणसाच्या पेशींच्या आत लपून राहतो. पेशींच्या आत साठणारे औषध म्हणून ॲझिथ्रोमायसिन तिथे उपयोगी पडते. गुंतागुंत नसलेल्या टायफॉइडमध्ये ते साधारण सात दिवस आणि नेहमीपेक्षा मोठ्या डोसात दिले जाते. ताप मात्र लगेच उतरत नाही. चार-पाच दिवस लागतात. हे ठाऊक नसल्याने दुसऱ्याच दिवशी औषध बदलण्याचा आग्रह धरला जातो. पाकिस्तानातील सिंध प्रांतातल्या हैदराबादेत २०१६ मध्ये सेफ्ट्रियाक्सोनलाही न जुमानणाऱ्या टायफॉइडची साथ सुरू झाली. त्या रुग्णांसाठी तोंडाने घेता येईल असे ॲझिथ्रोमायसिन हेच एक भरवशाचे औषध उरले. नाहीतर मेरोपेनेमसारखी महागडी इंजेक्शने.

स्क्रब टायफस हा चिगर माइट्स या बारीक जीवांच्या चावण्यातून पसरणारा ताप. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि विदर्भात त्याने माणसे दगावली आणि महाराष्ट्रात या आजाराचे नाव सर्वतोमुखी झाले. त्यावर डॉक्सिसायक्लिन किंवा ॲझिथ्रोमायसिन दोन्ही चालतात, गरोदर स्त्रियांना ॲझिथ्रोमायसिनच देतात. गंभीर रुग्णांना यांतले कोणते चांगले, हा प्रश्न बरीच वर्षे अनुत्तरित होता. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या पुढाकाराने भारतातल्या सात केंद्रांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. दोन्ही औषधे शिरेतून एकत्र दिली तर मृत्यू, न सुटणारी गुंतागुंत किंवा न उतरणारा ताप यांपैकी काही होण्याचे प्रमाण ३३ टक्के राहिले. एकेकटे औषध दिलेल्यांत ते ४७-४८ टक्के होते. फरक पडला तो मुख्यतः गुंतागुंतीत. मृत्यूंच्या संख्येत ठळक फरक दिसला नाही.

पटकीच्या रुग्णाला ॲझिथ्रोमायसिनचा एकच डोस पुरतो. दक्षिण आशियात फिरायला येणाऱ्या पर्यटकांच्या जुलाबांवरही ते वापरतात, कारण इथले कॅम्पिलोबॅक्टर सिप्रोफ्लॉक्सॅसिनला दाद देत नाहीत. क्लॅमिडिया या लैंगिक संसर्गावर एक ग्रॅमचा एकच डोस हा वर्षानुवर्षांचा उपचार होता. आता डॉक्सिसायक्लिनला झुकते माप मिळते आणि ॲझिथ्रोमायसिन प्रामुख्याने गरोदरपणासाठी राहिले आहे. परम्याच्या उपचारातून तर वाढत्या प्रतिकारामुळे ते बऱ्याच ठिकाणी बाजूला सारले गेले. क्षयरोगाच्या जिवाणूंचे नातलग असलेल्या मायकोबॅक्टेरियम ॲव्हियमच्या संसर्गात ते इतर औषधांबरोबर महिनोन्महिने द्यावे लागते, एकटे कधीच नाही. एचआयव्हीमुळे प्रतिकारशक्ती फार खालावलेल्यांना हाच संसर्ग टाळण्यासाठी आठवड्यातून एकदाच १२०० मिलिग्रॅम दिले जात असे. आठवड्याला एक डोस पुरावा, हेही त्याच लांबलेल्या मुक्कामाचे फळ.

या मुक्कामाचा सर्वात मोठा उपयोग मात्र इस्पितळाबाहेर झाला. ट्रॅकोमा, म्हणजे डोळ्यांच्या खुपऱ्या, हा गरिबीचा आणि पाण्याच्या टंचाईचा रोग. वारंवार होणाऱ्या संसर्गाने पापणीच्या आत व्रण पडतात, पापण्या आत वळतात, केस बुबुळाला घासतात आणि दृष्टी जाते. पूर्वी टेट्रासायक्लिनचे मलम सहा आठवडे, दिवसातून दोनदा घालावे लागे, आणि एवढी चिकाटी फार थोड्या घरांत टिकायची. ॲझिथ्रोमायसिनचा वर्षातून एक डोस अख्ख्या गावाला देता येतो आणि आरोग्यसेवकासमोरच गिळवता येतो. फायझर आणि एडना मॅककॉनेल क्लार्क फाउंडेशन यांनी १९९८ मध्ये आंतरराष्ट्रीय ट्रॅकोमा उपक्रम सुरू केला आणि औषध फुकट पुरवले. मुख्यतः आफ्रिकेतल्या देशांत कोट्यवधी लोकांपर्यंत ते पोहोचले. अर्थात औषध हा या मोहिमेचा एकच भाग. आत वळलेल्या पापण्यांची शस्त्रक्रिया, चेहऱ्याची स्वच्छता, पाणी आणि संडास हे उरलेले भाग, आणि त्यांच्याविना खुपऱ्या परत येतात. सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून भारतातून ट्रॅकोमा हटल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केले.

यॉज या त्वचा आणि हाडे खाणाऱ्या उष्ण प्रदेशीय रोगावर पेनिसिलिनचे इंजेक्शन हाच उपाय होता. भारताने तो रोग पेनिसिलिनच्याच बळावर संपवला. २०१२ मध्ये पापुआ न्यू गिनीतल्या लिहिर बेटावरच्या मुलांत ॲझिथ्रोमायसिनचा तोंडाने दिलेला एक डोस इंजेक्शनइतकाच गुणकारी ठरला आणि जगातली यॉज-निर्मूलनाची पद्धतच बदलली.

ट्रॅकोमाच्या मोहिमांत एक अनपेक्षित गोष्ट नजरेस आली: जिथे औषध वाटले गेले तिथे लहान मुलांचे मृत्यूही कमी होत होते. नायजर, मलावी आणि टांझानियात मोठी चाचणी घेण्यात आली. वर्षातून दोनदा औषध दिलेल्या गावांत पाच वर्षांखालील मुलांचे मृत्यू एकूण १३.५ टक्के कमी आढळले, नायजरमध्ये १८ टक्के. हे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. मग सगळीकडेच औषध का वाटू नये? जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये त्याला नकार दिला आणि बालमृत्यू फार जास्त असलेल्या आफ्रिकी भागांतल्या १ ते ११ महिन्यांच्या बाळांपुरता, तोही अटींसह, विचार करण्यास मुभा दिली. नायजरमधल्या पुढच्या चाचणीत मात्र फक्त बाळांना औषध देऊन म्हणण्याइतका फायदा दिसला नाही. पाच वर्षांखालील सगळ्या मुलांना दिले तेव्हा मृत्यू १४ टक्क्यांनी घटले. हा वाद अजून मिटलेला नाही.

बाळंतपणातल्या संसर्गाबाबतचा पुरावा अधिक सुस्पष्ट आहे, आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा आहे. नैसर्गिक प्रसूतीच्या कळा सुरू झालेल्या स्त्रियांना ॲझिथ्रोमायसिनचा दोन ग्रॅमचा एकच डोस देण्याची चाचणी सात देशांत झाली. भारतातली तिची केंद्रे नागपूर आणि बेळगाव येथे होती. २९ हजारांहून अधिक स्त्रिया तिच्यात सहभागी झाल्या. औषध मिळालेल्यांत सेप्सिस किंवा मृत्यूचे प्रमाण १.६ टक्के, तर नुसती दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी मिळालेल्यांत २.४ टक्के आढळले. घट झाली ती मुख्यतः सेप्सिसमध्ये. बाळांना मात्र फायदा दिसला नाही. बाळंतरोगाने माता दगावण्याचा इतिहास जुना आहे. त्यावर एक स्वस्त गोळी इतके काम करते, हा २०२३ मधला निष्कर्ष म्हणूनच लक्षवेधी ठरला.

मॅक्रोलाइड औषधांना जिवाणू रोखण्यापलीकडेही एक गुण आहे. जपानमधल्या डॉक्टरांनी १९८० च्या दशकात डिफ्यूज पॅनब्रॉन्किओलायटिस या फुप्फुसाच्या रोगात एरिथ्रोमायसिन अल्प प्रमाणात दीर्घकाळ देऊन पाहिले आणि रुग्णांचे आयुष्य वाढले. इतक्या कमी डोसात जिवाणू मरणे शक्य नव्हते. औषध श्वासनलिकांतला दाह शमवत होते. आता सिस्टिक फायब्रोसिस, ब्रॉन्किएक्टॅसिस आणि सीओपीडीच्या निवडक रुग्णांना ॲझिथ्रोमायसिन महिनोन्महिने देतात. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सीओपीडीच्या रुग्णांना वर्षभर रोज २५० मिलिग्रॅम दिल्यावर आजार उसळण्याचे प्रसंग कमी झाले, पण काहींची ऐकण्याची क्षमताही घटली.

दाह शमवण्याच्या याच गुणामुळे कोविडच्या काळात या औषधाभोवती मोठे वादळ उठले. मार्च २०२० मध्ये फ्रान्समधल्या मार्सेय येथील दिदिए राऊल यांच्या गटाने हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि ॲझिथ्रोमायसिन यांच्या जोडीचे गुणगान करणारा निबंध प्रसिद्ध केला. रुग्ण थोडे, पद्धत सदोष. तरी जगभर ही जोडी दिली जाऊ लागली. भारतातही सुरुवातीच्या उपचार सूचनांत ती होती, आणि जून २०२० मध्ये ॲझिथ्रोमायसिन त्यातून वगळण्यात आले. फेब्रुवारी २०२१ मध्ये ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीने ॲझिथ्रोमायसिनने कोविडच्या रुग्णांचे प्राण वाचत नाहीत, हे दाखवून दिले. राऊल यांच्या गटाचा निबंध डिसेंबर २०२४ मध्ये मागे घेण्यात आला. तोवर व्हायचे ते होऊन गेले होते. भारतात कोविडच्या पहिल्या लाटेत, जून ते सप्टेंबर २०२० या चार महिन्यांत, प्रौढांसाठीच्या ॲझिथ्रोमायसिनचे अपेक्षेपेक्षा सुमारे ३ कोटी ८० लाख डोस जास्त विकले गेल्याचा अंदाज आहे.

सुरक्षिततेच्या बाबतीत ॲझिथ्रोमायसिन एकंदर सोसणारे औषध आहे. मळमळ, पातळ जुलाब आणि पोटदुखी हे नेहमीचे त्रास. एरिथ्रोमायसिनच्या तुलनेत कमी. जेवणानंतर गोळी घेतली तर पोटाचा त्रास हलका होतो. कोणत्याही प्रतिजैविकाप्रमाणे यानेही क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलमुळे होणारे तीव्र जुलाब लागू शकतात. औषध यकृतातून पित्तावाटे बाहेर पडते. क्वचित त्याने यकृताला सूज येऊन कावीळ होते. पूर्वी या औषधाने कावीळ झालेल्यांना ते पुन्हा देत नाहीत. अंगावर पुरळ येणे, तोंड-डोळ्यांत फोड येणे किंवा चेहरा सुजून श्वास अडणे, अशी ॲलर्जी दिसल्यास ताबडतोब इस्पितळ गाठावे लागते. त्यात एक अडचण आहे: औषध शरीरात रेंगाळत असल्याने गोळी थांबवली तरी ॲलर्जीची लक्षणे उलटून येऊ शकतात. पहिल्या काही आठवड्यांच्या बाळांना हे औषध दिल्यास जठराचे तोंड आवळण्याचा विकार होण्याची शक्यता वाढते. बाळ दूध प्याल्यावर झोतासारखी उलटी करू लागले तर आई-वडिलांनी दुर्लक्ष करू नये. मायस्थेनिया ग्रॅव्हिस या स्नायूंच्या आजारात अशक्तपणा एकदम वाढू शकतो.

सर्वाधिक चर्चा झाली ती हृदयाची. प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाचे स्नायू विजेच्या दृष्टीने पूर्वपदावर येतात; ईसीजीमध्ये हा काळ क्यूटी अंतर म्हणून मोजला जातो. मॅक्रोलाइड औषधे ते अंतर लांबवतात. ते फार लांबले तर हृदयाचा ताल बिघडून माणूस अचानक कोसळू शकतो. अमेरिकेतील टेनेसी राज्यातल्या मेडिकेड योजनेच्या नोंदींवरून २०१२ मध्ये एक हिशोब मांडला गेला. ॲमॉक्सिसिलिनच्या तुलनेत ॲझिथ्रोमायसिनच्या दर १० लाख कोर्समागे हृदयविकाराने ४७ मृत्यू जास्त. आधीच हृदयाचा धोका मोठा असलेल्यांत हा आकडा २४५. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ मध्ये याबाबत इशारा दिला. त्याच वर्षी डेन्मार्कमधल्या तरुण व मध्यमवयीन लोकांच्या अभ्यासात पेनिसिलिनच्या तुलनेत वाढीव धोका दिसला नाही. दोन्ही एकत्र वाचले तर चित्र स्पष्ट होते: धडधाकट माणसाला धोका नगण्य. ज्यांना आधीच क्यूटी लांबण्याचा विकार आहे, हृदय कमकुवत आहे, किंवा उलट्या-जुलाबांनी पोटॅशियम, मॅग्नेशियम उतरले आहे, त्यांनी जपून राहावे. ॲमिओडेरोन, हॅलोपेरिडॉल, ऑन्डान्सेट्रॉन, डॉम्पेरिडोन, क्लोरोक्विन, लेव्होफ्लॉक्सॅसिन ही औषधेही क्यूटी लांबवतात. जुलाब-उलटीच्या रुग्णाला एकाच चिठ्ठीवर ॲझिथ्रोमायसिन आणि ऑन्डान्सेट्रॉन दोन्ही लिहिली जातात, त्यामुळे हा मुद्दा रोजच्या व्यवहारातला आहे.

इतर औषधांशी भांडण करण्यात एरिथ्रोमायसिन आणि क्लॅरिथ्रोमायसिन बदनाम आहेत. यकृतातल्या सीवायपी ३ए४ या एन्झाइमला ती अडवतात आणि सिम्वास्टॅटिनसारख्या औषधांची रक्तातली पातळी धोकादायकरीत्या चढते. टर्फेनाडिन आणि ॲस्टेमिझोल ही ॲलर्जीवरची औषधे बाजारातून गेली त्यामागे अशाच टकरी होत्या. ॲझिथ्रोमायसिन या एन्झाइमच्या वाटेला जवळजवळ जात नाही, हा त्याचा मोठा गुण. तरी रक्त पातळ करणारे वॉरफेरिन घेणाऱ्यांनी आयएनआर तपासून घ्यावा आणि डिगॉक्सिन घेणाऱ्यांच्या रक्तातली पातळी पाहावी. ॲल्युमिनियम किंवा मॅग्नेशियम असलेले पित्तशामक अँटासिड आणि ही गोळी एकाच वेळी घेऊ नये. मध्ये दोन-तीन तास जाऊ द्यावेत. गरोदर आणि स्तनदा मातांना गरज असेल तर हे औषध दिले जाते.

औषध रेंगाळण्याची दुसरी बाजू प्रतिकारात दिसते. कोर्स संपल्यावर शरीरातले औषध दिवसेंदिवस कमी होत जाते आणि काही काळ इतके थोडे उरते की जिवाणू मरत नाहीत, पण चिवट तेवढे निवडले जातात. नाकातल्या आणि घशातल्या निरुपद्रवी जिवाणूंवरही हाच प्रयोग आपोआप होतो. काही जिवाणू अर्म नावाच्या जनुकाच्या आधारे आपल्या रायबोसोमवर एक छोटा रासायनिक गट चिकटवतात आणि औषधाला बसायला जागा उरत नाही. मग क्लिंडामायसिनही चालत नाही. काही मेफ जनुकाचा पंप वापरून औषध पेशीबाहेर फेकतात. चीन आणि जपानमध्ये मायकोप्लाझ्माच्या बऱ्याच जातींवर मॅक्रोलाइड चालेनासे झाले आहे. बांगलादेशातल्या टायफॉइडच्या जिवाणूत ॲझिथ्रोमायसिनला दाद न देणारा बदल आढळल्याचे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. नायजरमधल्या बालमृत्यूच्या चाचणीत औषध वाटलेल्या गावांतल्या मुलांच्या नाकातून घेतलेल्या नमुन्यांत दोन वर्षांनी मॅक्रोलाइडला प्रतिकार करणाऱ्या जिवाणूंचे प्रमाण सरासरी १२.३ टक्के निघाले, तर औषध न वाटलेल्या गावांत २.९ टक्के. वाचलेल्या जिवांच्या मोबदल्यात ही किंमत किती मानायची, हाच त्या वादाचा गाभा आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने प्रतिजैविकांची तीन गटांत वाटणी केली आहे. ॲमॉक्सिसिलिन पहिल्या, सहज वापरायच्या गटात येते. ॲझिथ्रोमायसिन ‘लक्ष ठेवून वापरा’ अशा दुसऱ्या गटात. भारतातल्या आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत ते आहे, त्यामुळे त्याच्या किमतीवर कमाल मर्यादा आहे आणि ते स्वस्त पडते. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या शेड्युल एचमध्येही ते येते. म्हणजे नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय औषध विक्रेत्याने ते देणे बेकायदा आहे.